फाययस ऑर्किडची पानं दर उन्हाळ्यात टोकाकडून काळी पडतात? फवारणीचा पंप आधी खाली ठेवा

मार्च संपत आला की माझ्या अंगणात कुंड्या यायला लागतात. कुणी स्कूटरवर पायांत धरून आणतं, कुणी एसटीत मांडीवर घेऊन येतं. झाड एकच, फाययस टँकरव्हिली. नर्सरीवाले ते ‘स्वॅम्प ऑर्किड’ म्हणून विकतात. तक्रारही एकच : पानं टोकाकडून काळी पडत चाललीत, कोणतं औषध मारू?

मी बागायतदार नाही की शास्त्रज्ञ नाही. भुसावळला रेल्वेत इलेक्ट्रिशियन होतो, आता अमळनेरला घरी असतो. बारा वर्षांपूर्वी कालिम्पाँगला फिरायला गेलो तेव्हा तिथल्या एका नर्सरीतून दोन गड्डे आणले. त्यातला एक पहिल्याच उन्हाळ्यात मी स्वतःच्या हाताने मारला. दुसऱ्याची आज अकरा झाडं आहेत. मधल्या काळात लोकांची किती दुरुस्त केली त्याची नोंद ठेवली नाही, पण फॉल्ट शोधायची पद्धत नोकरीतलीच राहिली. पंखा बंद पडला की आधी बटण बघायचं, मग फ्यूज, मग वायर. मोटर सगळ्यात शेवटी उघडायची. इथे बहुतेक लोक मोटरपासूनच सुरुवात करतात.

आधी लक्षणं

‘पान काळं पडलं’ एवढ्यावरून काही कळत नाही. कुठे, कसं आणि कोणत्या पानावर, हे बघा.

टोकाला तपकिरी-काळा, कोरडा, कुरकुरीत भाग आणि त्याला लागून पिवळी कड. असं बऱ्याच पानांवर आहे, जुन्या पानांवर जास्त. माझ्याकडे येणाऱ्या दहा कुंड्यांतल्या सात-आठ याच असतात. दोष पाण्यातल्या क्षारांचा.

टोक चांगलं आहे, पण पान जिथे कमानीसारखं वाकतं तिथे वरच्या बाजूला पांढुरका, वाळक्या गवताच्या रंगाचा चट्टा, नंतर त्याची कड काळी. हा उन्हाचा चटका.

पान बुडाशी पिवळं, लोळागोळा, कुंडी ओली असूनही झाड तहानल्यासारखं दिसतं. मुळं गेली.

पानावर बारीक फिकट ठिपके, लांबून धूळ बसल्यासारखं वाटतं, पालथ्या बाजूला जाळी. लाल कोळी.

ओला, पाणचट, काळपट डाग एका दिवसात दुप्पट होतो, बोट लावलं की मऊ लागतो, वास येतो. सड. यात उद्यावर ढकलू नका, सरळ खाली त्या भागाकडे जा.

पानावर पिवळ्या-हिरव्या तुटक रेघा, नवीन पान येतं तेही तसंच. विषाणूची शंका.

आणि शेवटचं, ज्याने लोक उगाच घाबरतात : पान दुमडलं, खरचटलं किंवा फूल दाबलं गेलं त्या जागी निळा-काळा डाग. हा रोग नाहीच. विश्वास बसत नसेल तर सुकत आलेलं एक फूल खुडून बोटात चुरडा आणि बाजूला ठेवा. आधी काही दिसत नाही. मग कडेला निळसर झाक येते आणि संध्याकाळपर्यंत शाईचं पेन गळल्यासारखं होतं. या झाडाच्या पेशींत नीळ तयार करणारं द्रव्य असतं. पेशी फुटल्या, हवा लागली, की त्याची नीळ होते. कापड रंगवायची ती हीच नीळ. मी स्वतः पहिल्या वर्षी या निळ्या डागांवर तीनदा बुरशीनाशक मारलं होतं. डागांना काही झालं नाही, कारण काही व्हायचंच नव्हतं.

पहिली तपासणी : कुंडी कुठे ठेवलीय (खर्च शून्य)

दुपारी अडीच वाजता कुंडीजवळ जाऊन उभे राहा. सकाळी आठला जाऊन ‘इथे तर सावली आहे’ म्हणू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला जातो, भुसावळ-जळगावकडे त्याच्याही वर. पश्चिमेचं ऊन दोन तास जरी पानावर आलं तरी चट्टा पडतो. याची पानं मोठी, पातळ, चुण्या पडलेली असतात, कोरफडीसारखी जाड नसतात. त्यांना भरपूर उजेड हवा, पण गाळलेला. पावसाळा-हिवाळ्यात ५० टक्के सावलीची हिरवी शेडनेट पुरते. मार्चअखेरपासून मी ७५ टक्क्यांची लावतो.

मग हात गच्चीच्या फरशीवर ठेवा. ठेववत नसेल तर त्याच फरशीवर काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत मुळं काय भोगताहेत ते समजा. वीट ठेवून कुंडी उचला, किंवा त्याहून बरं, ती एका मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत वाळू भरा आणि वाळू ओली ठेवा. माठ जसा गार राहतो तशीच आतली कुंडी गार राहते.

तिसरं, वारा. मे महिन्यातल्या झळा कशा असतात ते सांगायला नको. रावेर-यावलकडे केळीच्या बागेला कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावतात ते कशासाठी? वारा अडवायला. केळीचं एवढं मोठं झाड, त्यालाही आडोसा लागतो. आणि आपण हे ऑर्किड गॅलरीच्या कठड्यावर ठेवतो. पानातून पाणी उडायचा वेग मुळांच्या ओढायच्या वेगापेक्षा जास्त झाला की सगळ्यात आधी टोक वाळतं, कारण पाणी तिथे शेवटी पोचतं. कुंडी भिंतीच्या आत, इतर झाडांच्या गर्दीत ठेवा. मी माझ्या सगळ्या कुंड्या केळीच्या दोन बुंध्यांमध्ये आणि कढीपत्त्याच्या आडोशाला ठेवतो. झाडांच्या गर्दीत हवा जरा ओलसर राहते.

कूलरसमोर ठेवणारेही आहेत. ‘माणसाला बरं वाटतं तर झाडालाही वाटेल.’ नाही वाटत. दिवसभर पानावर जोराचा वारा, रात्री कूलर बंद. झाडाला एकसारखं वातावरण लागतं.

जागा बदलली आणि पुढची दोन नवीन पानं स्वच्छ आली, तर इथेच थांबा. जुनं काळं टोक पुन्हा हिरवं होणार नाही, त्याची वाट बघू नका. दिसायला वाईट वाटत असेल तर कात्रीने पानाच्या आकारात कापा. कापलेली कड निळी पडेल. आता तुम्हाला कारण माहीत आहे.

दुसरी : खालची थाळी (खर्च शून्य)

‘स्वॅम्प’ म्हणजे दलदल, मग लोक कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवतात आणि वर्षभर थाळी भरलेली. नावाने केलेला घात आहे हा.

या झाडाचं मूळ घर म्हणजे आपल्या ईशान्येकडची राज्यं, दक्षिण चीन, आग्नेय आशिया आणि पुढे पॅसिफिकमधली बेटं. तिथे ते ओढ्याच्या काठाने, ओलसर गवताळ जागी, पाणथळाच्या कडेला वाढतं. कडेला हा शब्द महत्त्वाचा. वरचा थर कुजलेल्या पानांचा, भुसभुशीत, आणि खालचं पाणी सरकतं. आपली थाळी म्हणजे साचलेलं, दुपारी चहाच्या कोमटीवर गेलेलं पाणी. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि उष्णतेत मुळांना तोच जास्त लागतो. दोन्हीकडून कोंडी.

इंग्लंडमध्ये हे झाड पोचलं १७७८ च्या सुमारास. डॉ. जॉन फॉदरगिल नावाच्या लंडनच्या वैद्याने ते चीनहून मागवलं. तिकडच्या काचघरांत फुललेल्या अगदी सुरुवातीच्या उष्ण कटिबंधीय ऑर्किडांपैकी हे एक. जोझेफ बँक्स या वनस्पतीशास्त्रज्ञाने त्याला टँकरव्हिलच्या काउंटेसचं नाव दिलं, म्हणून हे जिभेला न पेलणारं टँकरव्हिली. पुढे जोझे लोरेरो या पोर्तुगीज पाद्र्याने १७९० मध्ये फाययस ही प्रजाती मांडली. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ धुरकट, सावळा. फुलाच्या पाकळ्या आतून तपकिरी असतात त्यावरून. त्या काळात इंग्रज माळ्यांच्या हातून झाडांवर वाढणारी ऑर्किडं भराभर मरत, कारण उष्ण देशातलं झाड म्हणजे कोंदट, तापलेलं काचघर आणि ओली माती असं त्यांनी गृहीत धरलं होतं. त्यात फाययस तगलं, कारण ते मुळात जमिनीवरचं आहे, मातीत चालतं. इतकं चिवट की नंतर हवाई आणि जमैकात ते बागेतून निसटून रानात पसरलं. म्हणजे आपल्याकडे ते मरत असेल तर ‘ऑर्किड म्हणजे नाजूकच’ ही सबब चालणार नाही.

तर, थाळी काढा. आठवडाभर बघा. मिश्रणात बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला : ओलसर लागलं पाहिजे, चिखल नाही. पूर्ण कोरडं तर कधीच नाही, ही चूक उलट्या बाजूची. कुंडीच्या तळाच्या भोकाला नाक लावा. ओल्या मातीचा वास आला तर ठीक. गटाराचा आला तर पाचव्या तपासणीवर उडी मारा.

तिसरी : पाणी (खर्च पाण्यातले एकूण क्षार मोजणाऱ्या एका टीडीएस मीटरचा)

खरं दुखणं इथे आहे, म्हणून इथे जरा बसतो.

आधी फुकटची खूण. कुंडीच्या काठावर, तळाच्या भोकाभोवती, मिश्रणाच्या वर पांढरा थर बसलाय का? बोअरचं पाणी भरलेल्या माठाला बाहेरून जो पांढरा पापुद्रा धरतो, तोच. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पानातही तेच होतं. मुळांनी ओढलेलं पाणी क्षार घेऊन वर चढतं, पानाच्या टोकाशी पोचतं, तिथून वाफ होऊन जातं. क्षार जाणार कुठे? टोकालाच साचतात आणि तो भाग जळतो. म्हणूनच जुन्या पानांची टोकं जास्त काळी, त्यांनी जास्त दिवस पाणी ओढलेलं असतं.

आता माझा गुन्हा सांगतो. पहिल्या उन्हाळ्यात कूलरची टाकी दर चार दिवसांनी रिकामी करायचो. बादलीभर पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून ते ऑर्किडला. थंडगार पाणी, झाडाला किती बरं वाटत असेल! तीन आठवड्यांत पानं अर्ध्यापर्यंत काळी, जूनमध्ये गड्डा गेला. पुढच्या वर्षी मीटर घेतला तेव्हा उजेड पडला. माझ्या बोअरचं पाणी ९०० पीपीएम, म्हणजे लिटरमागे साधारण ९०० मिलिग्रॅम क्षार. तेच पाणी चार दिवस कूलरमध्ये फिरल्यावर २६००. कूलर काम करतो ते पाणी उडवूनच. निव्वळ पाणी हवेत जातं आणि टाकीत उरतो तो क्षारांचा काढा. तो मी झाडाला पाजत होतो.

टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो, पेनासारखा. घ्याच. घरातली सगळी पाणी एका दुपारी मोजा. माझे आकडे असे : बोअर ९००, नळ ३५०, आरओचं वाया जाणारं पाणी १५००, एसीच्या नळीतून ठिबकणारं १५, पावसाच्या पिंपातलं २०. तुमचे वेगळे येतील, पण क्रम साधारण हाच. फाययसला ३०० च्या आत ठेवलं तर मला त्रास होत नाही, दीडशेच्या आत असेल तर पानं आरशासारखी.

आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घाला, असा सल्ला सर्रास फिरतो. कण्हेरीला घाला, नारळाला घाला. याला नको.

स्वस्त उपाय पावसाचा. गच्चीचा पहिला पाऊस वाहून जाऊ द्या, त्यात वर्षभराची धूळ असते. मग पन्हाळीखाली झाकणाचं पिंप लावा. दोनशे लिटरची दोन पिंपं माझ्या अकरा कुंड्यांना एप्रिल-मे पुरत नाहीत, म्हणून पावसाचं एक भाग आणि नळाचं एक भाग असं मिसळतो. पिंपाला जाळी बांधा, नाहीतर डासांची पैदास होईल. एसीचं पाणीही चालतं. नळी पहिल्यांदा लावाल तेव्हाचं पहिलं बादलीभर फेका, नळीतली घाण असते.

कुंडीत आधीच साचलेले क्षार धुवायचे असतील तर सकाळी लवकर, कुंडीच्या आकारमानाच्या तीन-चार पट कमी टीडीएसचं पाणी हळूहळू वरून ओता. खालून पूर्ण निथळू द्या. अर्ध्या तासाने पुन्हा थोडं. खालून निघणारं पाणी मोजा : सुरुवातीला दोन-तीन हजार दाखवेल, मग उतरत जाईल. ते पाचशेच्या आत आलं की पुरे. उन्हाळ्यात हे महिन्यातून एकदा करायचं.

आणि खत. घरोघरी १९:१९:१९ ची पुडी असते, चमच्याने टाकायची सवय असते. खत म्हणजेही क्षारच. मी लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, तेही जून ते ऑक्टोबर. एप्रिल-मेमध्ये शून्य. झाड तगून आहे तेवढं पुरे, त्याला त्या महिन्यांत वाढायला सांगू नका.

मागच्या वर्षीची गोष्ट. पारोळ्याहून एक निवृत्त गुरुजी कुंडी घेऊन आले. दारातूनच म्हणाले, “नाना, हाई झाड मरी गयं. पानी तं रोज देस मी.”

“कोठलं पानी?”

“बोरनं. आनि उरेल तं कूलरनं.”

मी आत जाऊन मीटर आणला.

चौथी : पानाच्या पालथ्या बाजूला बघा (खर्च एका पांढऱ्या कागदाचा)

पानाखाली पांढरा कागद धरा, वरून दोन टिचक्या मारा. कागदावर पडलेले ठिपके मिनिटभर बघा. चालायला लागले तर लाल कोळी. कोरड्या उष्ण हवेत ते झपाट्याने वाढतात, म्हणजे आपला एप्रिल त्यांच्यासाठी दिवाळी. यावर पहिला इलाज पाण्याचा फवारा : पानांच्या पालथ्या बाजूला, पहाटे, एक दिवसाआड, चार-पाच वेळा. नव्वद टक्के काम तिथेच होतं.

गंधक मारायचा मोह होईल. पारा पस्तिशीच्या वर असताना गंधकाने पानं भाजतात, त्यामुळे आपल्याकडे मार्च ते जून ते विसरा. नीम तेलही उन्हात नको, संध्याकाळी मारा आणि आधी एकाच पानावर मारून दोन दिवस थांबा.

पिठ्या ढेकूण पानाच्या बेचक्यात कापसासारखा दिसतो. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसून काढा. खवले कीड असली तर जुन्या टूथब्रशने घासा. घासलेल्या जागी निळे डाग येतील.

पाचवी : कुंडी उलटी करणं (मोटर उघडली)

वरचं सगळं करून महिना झाला, नवीन पानही काळं येतंय, किंवा तळाला गटाराचा वास आहे, तरच.

कुंडी आडवी करून झाड सोडवा. या ऑर्किडची चांगली मुळं जाड, पांढुरकी, बारीक लव असलेली असतात. गेलेलं मूळ तपकिरी असतं आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघते, हातात सुतळी उरते. चांगली मुळं निम्म्याहून जास्त असतील तर झाड वाचलं समजा.

मिश्रण काय निघतं ते बघा. काळी कापसाची माती निघाली तर दोष सापडला. काळी माती कपाशीला उत्तम, पण कुंडीत ती ओली असताना लोणी आणि वाळली की वीट. मुळांना श्वास घ्यायला जागाच नाही. एकदा तर मला कुंडीत मातीला पडलेल्या भेगेतून वाटाण्याएवढा गड्डा चिरडलेला दिसला.

माझं मिश्रण : कोकोपीट दोन भाग, पानांचं कुजलेलं खत दोन भाग, जाड वाळू एक भाग, कोळशाचे बोराएवढे तुकडे एक भाग. कोकोपीट आधी रात्रभर भिजवून तीनदा धुवा. त्यातही मीठ असतं, पहिल्या पाण्याला मीटर लावा म्हणजे कळेल. वाळू नदीची, धुतलेली.

कुजलेली मुळं निर्जंतुक कात्रीने कापा, म्हणजे पातं ज्योतीवर धरून गार केलेलं. कापलेल्या जागी दालचिनीची पूड. वाटणी करायची असेल तर एका तुकड्यात किमान तीन गड्डे ठेवा, एकट्या गड्ड्याला उन्हाळा काढता येत नाही. गड्डा मिश्रणाच्या वर अर्धा उघडा राहू द्या.

कधी करायचं? सगळीकडे लिहिलेलं असतं, ‘फुलं झाल्यावर लगेच.’ फुलं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात, म्हणजे आपल्याकडे लगेच म्हटलं की एप्रिल-मे. दार्जिलिंगला चालत असेल. इथे मी पहिले दोन मोठे पाऊस पडेपर्यंत कुंडीला हात लावत नाही. फक्त मुळं कुजत असतील तेव्हाच मेमध्ये, आणि मग झाड महिनाभर घरात, उत्तरेच्या खिडकीत.

उघडण्याआधी एक विमा उतरवून ठेवा. फुलून गेलेला दांडा फेकू नका. त्याच्या पेरांवर झोपलेले डोळे असतात. दांडा कापून ओल्या वाळूवर किंवा मॉसवर आडवा ठेवा, वरून पारदर्शक झाकण, सावलीत. महिना-दोन महिन्यांत पेरांतून पिल्लं फुटतात. मूळ झाड गेलं तरी वाण राहतो. माझ्या अकरांतली सहा अशीच झालेली आहेत.

सहावी : सड

मऊ, वासाची, वेगाने पसरणारी. ही बहुधा जिवाणूंची असते आणि ओलसर उकाड्यात, म्हणजे जून-जुलैत, जोर धरते. कुंडी त्याच मिनिटाला इतरांपासून दूर करा. पान असेल तर डागाच्या खाली दोन बोटं निरोगी भाग घेऊन कापा. प्रत्येक कापानंतर पातं पुन्हा ज्योतीवर. वरून पाणी घालणं बंद, हवा खेळती ठेवा. बहुतेक बुरशीनाशकांचा जिवाणूंवर काही परिणाम होत नाही, त्यामुळे कपाटातली पुडी तशीच राहू द्या.

दोन दिवसांत डाग थांबला तर जिंकलात.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

सड नवीन कोंबाच्या मध्यात किंवा गड्ड्यात उतरली आणि एकाहून जास्त कुंड्यांत दिसली, तर घरगुती कापाकापी थांबवा. हे तुमच्या मिश्रणातून किंवा पाण्यातून फिरतंय, आणि कशातून ते डोळ्यांनी कळत नाही.

पिवळ्या-हिरव्या तुटक रेघा नवीन पानांतही येत असतील तर तेही तुमच्या-माझ्या हातातलं नाही. ऑर्किडांत सिम्बिडियम मोझेक आणि ओडोंटोग्लोसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू जगभर आढळतात, त्यांच्यावर औषध नाही, आणि ते कात्रीच्या पात्यावरून एका झाडातून दुसऱ्यात जातात. पण नुसत्या डोळ्यांनी विषाणू ठरवूनही झाड फेकू नका, लोहाची कमतरताही लांबून तशीच भासते. पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात न्या. खानदेशाला धुळ्याचं महाविद्यालय जवळ आहे. नेताना ‘कोणतं औषध मारू’ हे विचारू नका, ‘हे काय आहे’ हे विचारा. विषाणू ठरला तर झाड जाळायचं, शेजाऱ्याला ‘बघ जगतं का’ म्हणून द्यायचं नाही.

बोअरचं पाणी मीटरवर दोन हजाराच्या वर दाखवत असेल, तर माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत एक बाटली द्या. मीटर एकूण क्षार सांगतो, त्यात सोडियम किती हे सांगत नाही. ते ऑर्किडपुरतं नाही, तुमच्या सगळ्या बागेपुरतं कळलेलं बरं.

आणि झाड विकायचा धंदा करत असाल, पन्नास-शंभर कुंड्यांत एकाच वेळी काही दिसलं, तर माझ्यासारख्याचं ऐकत बसू नका. पहिल्याच दिवशी तज्ज्ञाला बोलवा.

पारोळ्याच्या गुरुजींच्या कुंडीत काय निघालं? काठावर पांढरा थर, खालून निघालेलं पाणी ३१००. मिश्रण चांगलं होतं, मुळं निम्मी जिवंत. मी फक्त धुतलं, थाळी काढायला लावली आणि पावसाच्या पाण्याचं पाच लिटरचं कॅन सोबत दिलं. जूनमध्ये त्यांनी घराला पन्हाळ लावून घेतली. हिवाळ्यात आपल्याकडे रात्री चांगल्या गार होतात, ते या झाडाला मानवतं, दांडा निघायला मदत होते. यंदा फेब्रुवारीत त्यांच्याकडे कंबरेएवढा दांडा आला, बाहेरून पांढरी, आतून तपकिरी, जांभळ्या ओठाची चौदा फुलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन. “नाना, फूल निळं पडी गयं!”

मी विचारलं, घरात नातू आलाय का?

आला होता.